पाचवा दिवा

मी टीव्हीशेजारची मोजणीची पेटी. वस्तूला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच समजत होते. पण नाताळच्या त्या संध्याकाळची अकरा मिनिटं आठवली की अजून माझे दिवे थरथरतात. कुणालातरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

दिसायला मी वहीएवढी. अंगावर पाच बटणं आणि प्रत्येक बटणावर एक हिरवा दिवा. माझा जन्म कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. एका बाईनं दिवे बसवले, दुसरीनं वायर जोडली, तिसरीनं पाचही बटणं दाबून पाहिली आणि "ही चांगली आहे" म्हणून खोक्यात भरली. तेवढंच काय ते माझं कौतुक.

मग एका ऑफिसानं मला विकत घेतलं. टीव्हीवरचा कोणता कार्यक्रम किती माणसं बघतात, हे त्या ऑफिसाला हवं असतं. सगळ्यांना विचारत कुठं बसणार? म्हणून थोड्या घरांत माझ्यासारख्या पेट्या ठेवतात. टीव्हीपुढे बसलं की आपलं बटण दाबायचं, दिवा लागतो. उठलं की परत दाबायचं, दिवा विझतो. कोण बसलं, कोण उठलं, एवढंच मी ऑफिसाला कळवते. कोण हसलं, कोण घाबरलं, कुणाचा बसल्या बसल्या डोळा लागला, ते मला कुणी विचारत नाही. आणि माणसं बटण विसरतात म्हणून दर अर्ध्या तासानं माझे लागलेले दिवे आपोआप लुकलुकतात नि मी टीं टीं करते. म्हणजे, "आहात ना बाबांनो?" तेव्हा बटण दाबलं तर दिवा विझत नाही, मी गप्प होते. मला येणारी भाषा काय ती एवढीच. तीही वेळ झाल्याशिवाय बोलता येत नाही.

मला मिळालेलं घर चौथ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत टीव्हीचं बुटकं लाकडी कपाट. वर टीव्ही, त्याच्या बाजूला मी, खालच्या कप्प्यात जास्तीच्या दुलया. कप्प्याला सरकतं दार. माझी वायर त्याच कप्प्यातून, मागच्या फळीला पाडलेल्या भोकातून भिंतीकडे जायची. हे भोक ध्यानात ठेवा.

पहिलं बटण बाबांचं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दुसरं आईचं, तिसरं आजीचं, म्हणजे बाबांच्या आईचं. चौथं सहा वर्षांच्या मुलीचं. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पाचव्या बटणाखाली लिहिलं होतं, पाहुणा.

मी आल्यावर काही महिन्यांनी त्या घरात बाळ आलं. त्या दिवसापासून भिंगरीच्या आईच्या जिवाला चैन कसली ती उरली नाही. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की बोट काढायची, चार पावलं जायची आणि परत यायची. भात चुलीवर असला तरी यायची. आजी म्हणायची, "मोजून मोजून संपवशील गं त्याचे श्वास." बाबा बाळाला साहेब म्हणायचे आणि बायकोची थट्टा करायचे, की साहेबांना एवढा पहारा तुरुंगातसुद्धा नसेल. ती हसायची. पण बोट काही सुटत नव्हतं. मला तिची थट्टा करावीशी कधी वाटली नाही. कोण आहे नि कोण नाही हे घडीघडीला बघणं, हे तर माझंच काम.

एकदा भिंगरीनं बाबांना विचारलं, "बाळाचं बटण कोणतं?"

"साहेब अजून मोजणीत नाहीत," बाबा म्हणाले. "चार वर्षांचे होऊ देत, मग मोजतील."

ऑफिसाचा नियमच तसा होता, बाबा काही खोटं बोलले नाहीत. पण बोलणारा बोलून जातो आणि लहान मुलाच्या मनात ते काट्यासारखं मोडून राहतं. भिंगरी बराच वेळ माझ्याकडे बघत उभी होती.

त्या घरात सगळ्यांची आवडती मालिका म्हणजे यानाची. त्यात एक कॅप्टन, त्याची माणसं आणि एक जुनाट यान. दर आठवड्याला नवा ग्रह, नवं संकट. नाताळला तिचा खास भाग होता, दीड तासाचा. संध्याकाळी सहाला चौघांनी चार बटणं दाबली. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात झोपलं होतं.

आता मला पडदा दिसत नाही, मी त्याच्या बाजूला असते. मला दिसतात बघणाऱ्यांची तोंडं. त्या दिवशी पंधरा मिनिटांतच तोंडं बदलली. आईनं पाय वर सोफ्यावर ओढून घेतले. बाबांचा हात चण्यांच्या वाटीत गेला तो तिथंच राहिला. आजी म्हणाली, सणासुदीला गोड काही दाखवायचं सोडून हे काय मेलं. पण नजर काही हलवली नाही. भिंतीपलीकडच्या घरात कुणाचंतरी पोर किंचाळलं.

ऐकून ऐकून मला गोष्ट कळली. बर्फानं भरलेल्या एका शहरात, घराघरात झाडांवर दिवे लागलेले असताना, उंच करडी माणसं शिरतात. त्यांना तोंडच नसतं. त्यांचं नाव मोजणारे. त्यांच्या तळहातावर हिरवा दिवा. ज्याच्यासमोर तो लागतो तो वाचला. ज्याची मोजणी नाही, तो त्यांचा. माणूस क्षणात नाहीसा होतो आणि त्याची खुर्ची तेवढी हलत राहते. त्यातून, लपलेल्याचं नाव कुणी तोंडातून काढलं तर मोजणाऱ्यांना ते कुठूनही ऐकू जातं.

हिरवा दिवा. भिंगरीनं पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. पेटीकडे माणसं रोज बघतात, पण असं कुणी पाहिलं नव्हतं.

साडेसहाला मी टीं टीं केलं. बाबांनी पायाच्या अंगठ्यानं बटण दाबून मला गप्प केलं. नेहमीसारखंच.

पावणेसातच्या आसपास जाहिराती लागल्या. आई दूध तापवायला आत गेली. आजीनं खुर्चीत मान टाकली, ती घोरायलाही लागली. बाबांचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती. बाबा खोलीकडे पाठ करून गॅलरीच्या दारात उभे राहून तिला समजावत होते, "घाबरू नका हो. बंद असली तरी आत हवा असते, कुणी गुदमरत नाही. शांत बसून राहा. आमचा माणूस निघालाय."

उठताना एकानंही बटण दाबलं नाही.

भिंगरी माझ्याजवळ आली आणि तिनं पाचवं बटण दाबलं. पाहुण्याचा दिवा लागला. मग ती आतल्या खोलीत गेली आणि आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बाळ होतं. मान तिच्या खांद्यावर, पाय लोंबते. तिनं कप्प्याचं दार सरकवलं. बाळाला दुलयांच्या मध्ये निजवलं, वरून एक दुलई घातली. माझ्याकडे वर बघत हळूच म्हणाली, "हा इथंच आहे हं, तुझ्याजवळ. मोज त्याला." आणि दार लावून घेतलं.

मी ओरडले असते हो. पण मला ओरडायला तोंड कुठंय? सात वाजल्याशिवाय टीं सुद्धा नाही.

जाहिराती संपल्या. सगळे जागेवर आले. कॅप्टनच्या यानात रडारड चालली होती, त्याच्या सोबतिणीचं पोर नाहीसं झालं होतं, रिकाम्या पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती. तो आवाज ऐकला मात्र, भिंगरीची आई उठली. ती निघाली तसे बाबा म्हणाले, "अगं, ते खोटं आहे." ती आत गेली.

पुढचा आवाज माझ्या वायरींत अजून साठलाय. ती किंचाळली नाही. ती दारात येऊन अगदी हळू म्हणाली, "अहो, बाळ तुमच्याकडे आहे ना?"

"साहेब पाळण्यात असतील. तुझं आपलं काहीतरी."

"पाळण्यात नाहीये."

बाबा हसत हसत आत गेले. हसणं आतल्या दाराशीच थांबलं. घड्याळात सातला अकरा मिनिटं होती.

मग जे झालं त्यातलं बरंचसं मी फक्त ऐकलं. पलंग ओढल्याचा आवाज. भांडी पडल्याचा आवाज. गॅलरीत खुर्ची फरफटली, आणि आई कठड्यावरून खाली बघतेय हे मला कळलं, कारण बाबा ओरडले, "मागे हो, मागे हो, तिथं काही नाही." बाहेरच्या दाराला कडी लावलेली नव्हती. कुणीतरी शिरलं, कुणीतरी उचलून नेलं, असं आजी म्हणाली. आईनं भिंगरीचे दोन्ही दंड धरून विचारलं, तू पाहिलंस का? ती तोंडावर हात घट्ट दाबून उभी. बोललं तर मोजणाऱ्यांना ऐकू जाईल ना. आईला वाटलं, पोर भेदरलंय. तिला आजीजवळ जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. बाबा जिन्यानं खाली धावले, आई शेजारच्या दारांवर थापा मारत सुटली.

खोली रिकामी झाली. मालिका चालू, संगीत मोठमोठ्यानं, चार हिरवे दिवे चार रिकाम्या जागांसाठी जळतायत. पाचवाही जळतोय.

आणि खाली कप्प्यात तो. माझी वायर त्याच्या उशाशी होती. भोकातून येणारी हवा मला थोडी थोडी लागत होती, मग त्याला किती लागत असेल? आधी त्याचा श्वास ऐकू यायचा, बारीक, मांजराच्या पिलासारखा. नंतर दुलई सरकली असावी. श्वास जड झाला. मग टीव्हीच्या गोंगाटात मला तो ऐकूच येईना. मी मोजणीची पेटी, आणि मला मोजता येईना. माझ्या आतल्या घड्याळाचा एकेक क्षण मी ढकलत होते. वाजव ना सात. वाजव ना.

जिन्यातून बाबांचा आवाज आला, "फोन आण, पोलिसांना लावू." आई धावत खोलीत आली. फोन सोफ्यावर होता. तिनं तो उचलला, हातातून पडला, परत उचलला. ती दाराकडे वळली आणि सात वाजले.

मी जीव खाऊन वाजले. टीं टीं. टीं टीं. पाचही दिवे लुकलुकायला लागले. तिनं चिडून बघितलं. आणि ती थांबली.

"पाहुणा?" ती म्हणाली. मग दाराकडे बघून मोठ्यानं, "भिंगरे, पाहुण्याचं बटण कुणी दाबलं?"

भिंगरी उंबऱ्यात आली. हात तोंडावरच. पण डोळ्यांना कोण आवरणार? ते गेले खालच्या कप्प्याकडे.

दार इतक्या जोरात सरकलं की मी फळीवर उडाले. दुलई बाजूला. बाळ लाल झालेलं, घामानं चिंब, दुलईचं टोक ओठांवर, आणि हलत नव्हतं. आईनं नाकाखाली बोट धरलं. हजारदा धरलेलं बोट. या वेळी ते तिथंच राहिलं. माझे दिवे लुकलुकत होते. बाबा दारात येऊन खांबासारखे उभे.

मग बाळ शिंकलं. एक, आणि लगेच दुसरी. मग त्यानं जो गळा काढला, तो ऐकून आजी जिन्यातच बसून रडायला लागली.

बाबा जमिनीवर बसले. भिंगरी म्हणाली, "तो मोजणीत नव्हता ना. म्हणून पेटीजवळ ठेवला. तुम्हीच म्हणालात ना बाबा, बंद असली तरी आत हवा असते." तिला कुणी मारलं नाही, रागावलंही नाही. आईनं एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातानं तिला असं धरलं की पोर म्हणाली, दुखतंय. तरी सोडलं नाही.

मी अजून वाजतच होते. भिंगरीनं आईच्या मिठीतूनच हात लांब केला आणि पाचही बटणं एकेक करून दाबली. "सगळे आहेत," ती मला म्हणाली. मी गप्प झाले.

आठवड्यानं ऑफिसातली बाई आली, हातात कागद, तोंडभर हसू. त्या भागानं म्हणे धुमाकूळ घातला होता. निम्म्या लोकांनी फोन करून शिव्या दिल्या, की आमची पोरं दिवा लावल्याशिवाय झोपत नाहीत. निम्म्यांनी लिहिलं, असा भाग परत होणे नाही. शाळांच्या मैदानात मुलं एकमेकांना मोजत सुटली होती. "पण तुमच्यासारखं घर नाही हो," ती आईला म्हणाली. "जाहिरातीतसुद्धा कुणी उठलं नाही. जाहिरातींनंतर तर पाच जण, एकही जागचा हलला नाही. मालिकावाले खूश आहेत."

आईनं कागदावरच्या सरळ रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ताई, त्या वेळी या खोलीत कुणी नव्हतं."

"नोंद तर आहे."

"असू दे. ही पेटी घेऊन जा."

भिंगरी रडायला लागली, मग बाळाला मोजणार कोण? आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "एक." कडेवरच्या बाळाच्या डोक्यावर ठेवला, "दोन. रोज मोजीन. झालं?"

आता मी ऑफिसाच्या फडताळात आहे, दुसऱ्या घराची वाट बघत. माझ्या पाचव्या बटणाखाली भिंगरीनं कागद चिकटवलाय. एक गोल तोंड, दोन ठिपक्यांचे डोळे. इथल्या माणसानं तो खरवडायला घेतला होता, अर्धाच निघाला. एक डोळा उरलाय.

मी तुमच्या घरी आले तर एवढं करा. तो डोळा खरवडू नका. आणि माझे दिवे लागलेत म्हणून घरात सगळे आहेत असं समजू नका. मी बटण मोजते, माणूस नाही. त्या संध्याकाळी ऑफिसाला मी पाच जण कळवले. त्यातले चार दिवे खोटं बोलत होते. खरं बोलत होता तो एकटा पाचवा.