पटावरची तिसावी

"नाय बाई, आज नाय जमायचा." कौसाबाईने विळा कमरेला खोचला. "मी चालले कापनीला. जिवली साळंत आली तं धाकलूला कोन बघल?"

विनिता अंगणात उभी होती. मागे रस्त्यावर रिक्षा चालूच होती, आत सहा पोरं दाटीवाटीने बसलेली. बारवी धरणाच्या बाजूच्या या वाडीपासून कात्रपच्या शाळेपर्यंतची ही रिक्षा शिक्षकांनीच वर्गणी काढून लावली होती. शाळेच्या आजूबाजूच्या इमारतींतली मुलं केव्हाच इंग्रजी शाळांकडे वळली होती. मराठी शाळेचा पट टिकवायचा तर मुलं अशी वाड्यावाड्यांतून वेचून आणावी लागत.

आणि आज तपासणी होती. तेरा वर्षांपूर्वी विनिता या शाळेत लागली तेव्हा सरकारचं अनुदान नव्हतंच. मग शिक्षकांच्या पगाराचा पाचवा हिस्सा मिळू लागला, मग चाळीस टक्के. पुढचा टप्पा हवा असेल तर प्रत्येक वर्गात तीस मुलं तपासणीच्या साहेबांना डोळ्यांनी दिसायला हवी होती. विनिताच्या पाचवीत जिवली धरून बरोब्बर तीस होती, आणि जिवली पंधरा दिवस आली नव्हती.

"कौसाबाई, आजचा एक दिवस द्या हो."

"तुमचा एक दिवस. माझा भात थांबल काय?"

"मग धाकलूलापन पाठवा. मी बघते त्याला." वाडीत आलं की विनिताची भाषाही जरा सैल व्हायची.

कौसाबाई हसली. "तुमी? लय रडका हाय. मंग बोलू नका, कौसाने सांगितला नाय."

दाराआड उभी असलेली जिवली तेवढ्यात दप्तर घेऊन रिक्षात जाऊन बसलीसुद्धा.

शाळेच्या फाटकात मुख्याध्यापक हरिचंद्र सर सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. विनिताच्या कडेवरचं मूल पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो बाई, ही काय बालवाडी आहे? साहेबांना कळलं की पोरगी घरी भावाला सांभाळते, तर म्हणतील, तुमची मुलं नुसती कागदावर. मग बसा आणखी पाच वर्षं चाळीसवरच! ऑफिसात ठेवा त्याला. नजरेला पडता कामा नये."

धाकलू ऑफिसात साडेदहापर्यंत खुर्चीचा पाय चाटत बरा राहिला. पण फाटकाशी साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि त्याने असा टाहो फोडला की शिपाई त्याला घेऊन पळतच वर्गात आला. विनिताच्या कडेवर येताच तो गप्प झाला. खाली ठेवला की पुन्हा सुरू.

"जिवली," ती घाईने म्हणाली, "साहेब आहेत तोवर याच्याकडे बघायचंच नाही. पुस्तकात बघ."

बाकीचे वर्ग मोजून साहेब शेवटी आत आले, मागोमाग हरिचंद्र सर. साहेब पेनाच्या टोकाने एकेक डोकं मोजू लागले. सत्तावीस, अठ्ठावीस… जिवलीपाशी पेन क्षणभर थांबलं. तीस.

मग ते वळले. "आणि हे?"

धाकलूने बहिणीला पाहिलं होतं. तो तिच्याकडे झेपावत होता. जिवलीची मान पुस्तकात आणखी खाली गेली.

"माझं आहे, साहेब," विनिता म्हणाली.

हरिचंद्र सरांना ठसका लागला.

"घरी सांभाळायला कोणी नाही?"

"नाही, साहेब."

"किती महिन्यांचा?"

हे तिला कुठे ठाऊक होतं! "सहा," ती म्हणाली.

"सहा?" साहेब वाकून बघू लागले. "चार दात आलेत की हो! चलाख आहे गडी. माझा नातू वर्षाचा होईस्तोवर बोळकाच होता." ते हसले आणि हातातल्या कागदावर सही केली. "तीस, बरोबर. प्रस्ताव वर पाठवतो. पुढे निधी येईल तेव्हा येईल."

"जमलं हो बाई!" सर दारातून कुजबुजले आणि साहेबांच्या मागे ऑफिसाकडे धावले.

विनिता फळ्याला टेकून उभीच राहिली. 'माझं' हा शब्द किती सहज निघून गेला होता! तिने आणि मिलिंदने ठरवलं होतं, पगार पुरता सुरू झाला की मूल. वीस टक्क्यांत तिघांचं कसं भागणार? मग चाळीस झाले, तेव्हा मिलिंद म्हणाला, आणखी एक टप्पा, थांबू. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून अगदी हळू आवाजात सांगितलं होतं, उशीर झालाय. आज टप्पा जमला होता.

जिवली जागेवरून उठून तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"बाई, तो नऊ म्हैन्यांचा हाय."

"हो का गं? चुकलंच माझं."

"आन माझा भाव हाय."

"तुझाच गं बाई. घे."

जिवलीने हात पुढे केले. धाकलू लगेच तिच्याकडे झुकला, पण विनिताच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी त्याने मुठीत गच्च धरली होती. ओढली असती तर सुटली असती. विनिताने एकेक बोट सोडवलं, सावकाश, आणि जिवली तोवर हात तसेच पुढे धरून थांबली.