डोमाभाऊची थापड

मार खाऊन खाऊन म्हातारी झालेली एक हार्ड डिस्क आहे मी, मित्रांनो. संगणकाच्या डब्यात माझ्या पोटातली चकती गरगर फिरते आणि तिच्यावर सारी आठवण लिहिली जाते. मी कोणाला दिसत नाही, म्हणून कौतुक सगळे पडद्याचे.

चामोर्शीपासून तासाभराच्या वाटेवर, जंगलाला लागून असलेल्या गावात डोमाभाऊचे झेरॉक्सचे दुकान होते. गावाचे दाखले, अर्ज, लग्नपत्रिका, सारे मी सांभाळले. दारावरचा कॅमेरा चौकात जे पाही, तेही माझ्यातच उतरे. संगणक अडला की डोमाभाऊ डब्याला फाडकन थापड मारी. "थापडीशिवाय कोणी सुधरत नाई," असे गिऱ्हाइकांना ऐकवी. संगणक आपसूक सुरू होई, श्रेय थापडीला जाई आणि माझी लिहिणारी सुई चकतीवर घासे.

मग तो मंगळवार आला. गावातली दोन लेकरे तापाने फणफणली होती. मोहफुले वेचणाऱ्या धुरपताबाईनेच करणी केली, अशी आवई उठली. भर दुपारी लोकांनी तिला फरफटत चौकात आणले आणि हातपंपाला बांधले. आधी थापडा पडल्या, मग चपला, मग काठ्या. तिचा हात मोडला, दोन दात रक्तासकट मातीत पडले. मी सगळे लिहून घेत होते. मला ओरडता येत नाही, याचा त्या दिवशी फार राग आला.

संध्याकाळी डोमाभाऊला कॅमेऱ्याची आठवण झाली. त्याने कुऱ्हाड घेतली आणि पडद्याचा चुरा केला. चित्र पडद्यावर दिसते म्हणजे ते पडद्यातच राहते, अशी त्याची समजूत. डब्याला नुसती लाथ घालून त्याने तो भंगारात फेकला.

"बाई पडली," असे गावाने पोलिसांना एका सुरात सांगितले. भ्यालेली धुरपताबाईही दवाखान्यात म्हणू लागली, "पडली असन मी." तिचा मुलगा झिंगू त्या दिवशी बांबू तोडायला जंगलात गेला होता. त्याला ते पटेना. दुकानाच्या कॅमेऱ्याने मंगळवारचे काही टिपले असेल म्हणून भंगारातला डबा उचलून तो चामोर्शीला सलीमाबाईच्या दुरुस्तीच्या दुकानात आला.

"टकटक करून राह्यली," सलीमाबाई कान लावून म्हणाली. झिंगूने सवयीने हात उगारला.

"मारू नोको, झिंगूभाऊ. आता एक धक्का बसला तर सारंच जाईन. आधी मंगळवारचं उतरवून घेतो."

तिने मला दुसऱ्या संगणकाला जोडले. थोडे वाचायची, थांबायची, मला गार होऊ द्यायची. माझी चकती कुरतडली जात होती, तरी मी नेटाने फिरले. अकरा मिनिटांचे चित्र निघाले आणि माझी चकती कायमची थांबली.

पडद्यावर पहिली थापड पडली. तो हात मी केव्हाच ओळखला होता, त्याचा मार मी रोज खाल्ला होता. झिंगू पुटपुटला, "डोमाभाऊ? परवा आईले पाहाले केळी घेऊन आला होता ना हा."

आठवड्याने ठाण्यात जाताना झिंगू आईला घेऊन सलीमाबाईच्या दुकानात आला. हात गळ्यात बांधलेली धुरपताबाई ती अकरा मिनिटे पाहत राहिली. मग पोराला म्हणाली, "पाह्य बापू, मी पडली नोती."

मित्रांनो, जपण्यासारखे जे असेल त्याची दुसरी नक्कल आजच करून ठेवा. आणि अडलेल्यावर हात उगारू नका. उगारलात, तर तो कुठेतरी लिहिला जातो.