उकळलेलं पाणी

सेनिमिलीने बादलीचं झाकण उघडून वास घेतला. मग वाकून पुन्हा घेतला. काल आंबलेल्या पिठासारखा वास होता; आज नुसता धुराचा. वरचा फेसही गेलेला. तिने बोट बुडवलं. पाणी अजून कोमट होतं.

चुलीपाशी सासू राखेने पातेलं घासत बसली होती. सेनिमिलीच्या नवऱ्याच्या, अपेनिसाच्या मयताला काढलेलं, ते मोठं.

"आई, याला कुणी हात लावला?"

"मीच. चांगले तीन कढ आणले." म्हातारीने मान वर केली नाही. "काय घाण मारत होतं! डुकरानं तोंड लावलं नसतं. आणि ते तू माझ्या लेकाच्या झाडांना घालणार होतीस?"

सेनिमिलीने ओलं बोट झग्याला पुसलं. शेतकी खात्याच्या माणसाने एकच बाटली दिली होती. यात जिवंत जंतू आहेत, वाढवलेस तर मुळांची कूज तेच आवरतील, असं सांगून तो बोटीत बसला होता. आठवडाभर तिने त्यांना साखर घातली, ऊन लागेल म्हणून बादली सावलीत सरकवली. मुळं कुटून पेय करतात त्या यांगोनाची, अपेनिसाने लावलेली अकराच झुडपं उरली होती, त्यांचीही पानं पिवळी पडायला लागलेली. शंभराव्या रात्री सुतक फिटेल तेव्हा गावाला त्याच्याच हातच्या मुळांचा पेला द्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं. पुढची बोट त्यानंतर येणार होती.

"नर्सबाई सांगून गेली होती, ओढ्याचं पाणी उकळून प्या," म्हातारी म्हणाली. "मी हसले तिला. म्हटलं, आमच्या आज्या-पणज्या काय उकळून प्यायच्या?" तिचा हात थांबला. "तेव्हा उकळलं असतं तर..."

टायफॉईडने लेक नेल्यापासून ती घरातला थेंबन्‌थेंब उकळत होती.

सेनिमिलीने झाकण लावलं आणि बादली उचलली.

"थांब गं, कडी मलाही धरू दे. कंबर मोडून घेशील."

दोघी टेकाड चढल्या. म्हातारी करवंटीने एकेका बुंध्याशी पाणी घालत गेली. दर वेळी आधी मनगटावर थेंब टाकून बघायची, तान्ह्याला न्हाऊ घालताना बघतात तसं. अकराव्या झुडपापाशी ती थबकली.

"जगतील ना गं?"

सेनिमिलीने एक पिवळं पान खुडून मुठीत घेतलं.

"आता या पाण्यानं कुणालाच काही बाधणार नाही, आई."

म्हातारीने समाधानाने मान हलवली, आणि करवंटीतले उरलेले थेंबही मुळाशी झटकले.