कवटीचा गिरमिट

मित्रांनो, सुताराच्या पेटीतला गिरमिट तुम्ही पाहिला असेल. मीही एक जुना गिरमिटच आहे, पण लाकडाशी माझी ओळख नाही. मी माणसाच्या कवटीला भोक पाडतो. दचकू नका! हौसेने नाही पाडत, जीव वाचावा म्हणून पाडतो.

एका कारखान्यात पोलादाच्या कांबीतून माझा जन्म झाला. मला लाकडी मूठ दिली नाही, कारण प्रत्येक कामाआधी मला कढत वाफेत बसावे लागते. तिथून या मोठ्या दवाखान्यात आलो तो कायमचाच.

डोक्याला मार लागला की कधी कधी कवटीच्या आत शीर फुटते. रक्ताला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते आतल्या आत साठते आणि मेंदूला दाबू लागते. त्या रक्ताला वाट करून द्यायची, हे माझे काम. मोठ्या डॉक्टरीणबाई एका हाताने माझा माथा दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने मूठ फिरवत. हाड संपत आले की मी जरा अडखळतो. तिथेच थांबायचे असते. शिकाऊ डॉक्टरांना त्या म्हणत, "घाई नको. हा स्वतःच सांगतो कुठे थांबायचं ते." हे ऐकून मी हुरळून जाई. किती तरी माणसे पुन्हा आपल्या पायांनी घरी गेली. त्यांतल्या एकानेही माझे तोंड पाहिले नाही, पण त्याचे मला काही वाटले नाही.

पुढे विजेचे यंत्र आले. हाड संपले की ते आपोआप थांबते. झाले! सगळे कौतुक त्याच्या वाट्याला गेले आणि मी कपाटाच्या तळाशी जाऊन पडलो. ते दुरुस्तीला गेले तरच माझी आठवण होई.

अशाच एका दिवशी दुपारी एका रंगाऱ्याला आणले. सकाळी काम करताना तो शिडीवरून पडला होता. त्याची बायको दाराशी सिस्टरना रडत सांगत होती.

"क्षणभर शुद्ध गेली, मग आपणच उठून हसायला लागले. म्हणाले, भिंतीला तर काही झालं नाही ना? घरी येऊन चहा प्यायले, डोकं ठणकतंय म्हणून आडवे झाले. मग घोरायला लागले हो! एरवी कधी घोरत नाहीत. मला वाटलं, दमलेत, गाढ झोप लागलीय. मी पडदा ओढला. पोरीला दटावलं, अजिबात आवाज करू नकोस, बाबा झोपलेत."

ती झोप नव्हती, मित्रांनो. तो बेशुद्ध होत चालला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याची पापणी उचलली. एक बाहुली मोठी होऊन बसली होती, उजेडालाही दाद देत नव्हती. त्यांनी मला उचलले. मी जीव तोडून फिरलो. भोक पडले, काळे साकळलेले रक्त बाहेर आले. त्यांनी भोक मोठे केले, फुटलेली शीर बंद केली. कुठेही काही चुकले नाही. पण दबलेला मेंदू पुन्हा वर आलाच नाही. संध्याकाळी तो गेला.

मला धुवायला बाहेर आणले, तेव्हा डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोशेजारी बाकावर बसल्या होत्या.

"मी उठवलं असतं तर?" तिने विचारले.

डॉक्टरीणबाईंना खोटे बोलता येत नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "वाचले असते बहुतेक. पण हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही मायेनंच झोपू दिलंत."

तिची मुलगी पदराला धरून उभी होती. ती अजून कुजबुजतच बोलत होती. "आई, आता मोठ्यानं बोलू का?"

मी पोलादाचा आहे, तरी मला ते सोसले नाही.

मित्रांनो, डोक्यावर पडलेला माणूस हसला, चहा प्यायला, म्हणून निर्धास्त होऊ नका. शुद्ध गेली असेल, उलटी झाली किंवा डोके ठणकू लागले, तर त्याला लगेच दवाखान्यात न्या. तो झोपला असेल तर हाक मारा, हलवा, नाव विचारा; जागा झाला नाही किंवा नीट उत्तर दिले नाही, तर तसाच उचलून आणा. झोपमोड केली म्हणून तो रागावला, तर रागावू द्या. मी कपाटात गंजून गेलो तरी चालेल. पण माझ्यापाशी कुणाला उशिरा आणू नका.