मिठाच्या ढिगावरची उडी

एळुमलै सत्तेचाळिसाव्या वर्षी चौतिसाव्या नायिकेची साडी नेसून बसला होता. पडद्यावर जिचा चेहरा दिसतो ती नटी वेगळी. ती लॉरीवरून कोसळते, जिन्यावरून गडगडत येते, काच फोडून बाहेर पडते, तेव्हा साडीच्या आत एळुमलै असायचा. तमिळ मारधाडपटांत बावीस वर्षं तो हेच करत आला होता. अंगाने शिडशिडीत, उंचीने बेताचा, म्हणून फाईट मास्टर काशिलिंगम यांनी तरुणपणी एकदा त्याच्या डोक्यावर लांब केसांचा टोप चढवला. मिशी त्या दिवशी भादरली ती भादरलीच.

तूत्तुकुडीच्या मिठागरात शेवटच्या मारामारीचं शूटिंग चालू होतं. सकाळी सातलाच मास्टरांनी लॉरीपुढे कापूर ओवाळून कोहळा फोडला होता, आणि तेव्हापासून ऊन जे डोक्यावर येऊन बसलं ते हलायला तयार नव्हतं. खाली पांढरं, वर पांढरं. डोळे मिटले तरी पांढरंच.

प्रसंग असा, की खलनायकाचा माणूस नायिकेला लॉरीच्या टपावरून ढकलतो आणि ती पाठमोरी मिठाच्या ढिगावर पडते. दिग्दर्शक कदिरवन एकोणतीस वर्षांचा. सकाळी तो म्हणाला होता, "मीठच तर आहे, मऊ असणार." मिठागरातल्या बायका पदराआड हसल्या. त्यांतली मरगदम उठली आणि तिने ढिगावर फावडं हाणलं. टण्ण!

"मऊ म्हणे! या साहेब, आधी तुम्हीच पडून बघा."

मग ढीग आतून पोखरला. आत पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांचे तीन थर रचले, त्यांवर गादी, गादीवर बोटभर मीठ.

एळुमलै दोनदा पडला. पहिल्यांदा कॅमेऱ्याचा फोकस हुकला. दुसऱ्यांदा सगळं जमलं होतं, पण ढकलणाऱ्या गुंडाच्या खिशातून मोबाईल निसटला आणि नायिकेच्या आधी तोच खाली पोचला. सगळे हसले. एळुमलैही हसला असता, पण पाठीतून निघालेली कळ थेट दातांपर्यंत गेली होती. पडताना खालून हवा निघाल्याचा भस्स आवाज यायला हवा. या वेळी तो आला नव्हता. खोके चेपून बसले होते.

"मास्टर, खोके बदलायला हवेत," तो म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

"तासभर."

कदिरवन छत्रीखालून धावत आला. "तासाभरात ऊन उतरेल, अण्णा! एकदाच पडा. तुम्ही तर शेकडो वेळा पडलेले आहात."

"म्हणूनच सांगतोय, सर."

मास्टरांनी त्याला लॉरीच्या सावलीत ओढलं. "एळू, चारचौघांत माझी लाज काढू नकोस. अर्धे खोके तरी धड असतील की."

बावीस वर्षांत एळुमलैने कधी नाही म्हटलं नव्हतं. गळ्याचं हाड मोडलं तेव्हा नाही, गुडघ्याची वाटी सरकली तेव्हाही नाही. आज भीती वाटत होती असंही नाही. फक्त पुन्हा एकदा त्या शिडीच्या नऊ पायऱ्या चढायच्या, या विचारानेच त्याला इतका शीण आला की तोंडून आपसूक निघून गेलं, "मी नाही पडत."

मग मागून आवाज आला, "मी पडते, मास्टर."

ती तमिळरसी होती. दिंडुक्कलची कबड्डी खेळणारी पोरगी, चोवीस वर्षांची. वर्षापूर्वी मास्टरांच्या टोळीत आली होती. नायिका पाठमोरी धावताना दिसते तेवढीच कामं तिच्या वाट्याला यायची.

"गप्प बस. तूही नाही," एळुमलै म्हणाला.

"का नाही, अण्णा?" ती फिरून उभी राहिली. "वर्षभर मी नुसती पळतेय. पडायची वेळ आली की साडी तुम्ही नेसणार, मिशी भादरून! आता तुम्ही दमलात, तरी मी नाहीच? बाईचं पडणंसुद्धा बाईच्या वाट्याला येऊ नये?"

"अगदी खरं बोलली बघा!" मरगदम लांबून ओरडली.

एळुमलैला राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात जोर लागतो. त्याला आठवलं, तीन वर्षांपूर्वी मदुरैची अशीच एक पोरगी काम मागत आली होती, तेव्हा मास्टरांनी त्यालाच विचारलं होतं. 'मुलींना जमत नाही, मास्टर, हातपाय मोडून घेतात,' असं त्याने सांगितलं होतं. पोरगी परत गेली. आपण तिच्या हातापायांची काळजी केली, अशी त्याने तेव्हा स्वतःची समजूत घातली होती.

"पड," तो तमिळरसीला म्हणाला. "माझी ना नाही. पण या खोक्यांवर नको." मग तो मास्टरांकडे वळला. "आधी खोके बघायचे, मग देव आठवायचा. हे तुम्हीच शिकवलंत मला."

मास्टरांनी ढिगावरच्या गादीचा कोपरा उचलून आत पाहिलं. मग दिग्दर्शकाला म्हणाले, "सर, तास लागेल."

"आणि ऊन?"

"ऊन उद्याही येतं."

कदिरवनने टोपी जमिनीवर आपटली.

एळुमलै साडीचा काचा मारून गुडघ्यांवर बसला आणि चेपलेले खोके उपसू लागला. तमिळरसी त्याच्यासमोर बसली आणि तो तिला सांगू लागला. "खोक्यांची तोंडं खाली कर. इतके घट्ट लावू नकोस, हवा जायला जागा ठेव. कडेला दुहेरी थर. माणूस मधोमध पडेल असं सगळे धरून चालतात." मरगदम आणि आणखी दोघींनी वर मीठ पसरलं. मग त्याने व्हॅनच्या आडोशाला साडी सोडली. घामाने चिंब झाली होती. ती तिच्या हातात देताना त्याला ओशाळल्यासारखं झालं.

"हनुवटी छातीला लावून ठेव," तो म्हणाला. "मध्येच वळून जमीन शोधायची नाही. जमीन कुठे जात नाही."

ऊन पुरतं उतरायच्या आत ती शिडी चढली. गुंडाने ढकललं आणि ती मागे गेली. जाता जाता लॉरीची कड धरायला तिचा हात झेपावला. कड बोटांतून सुटली, तिच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला, आणि मग खालून आलं, भस्स.

कड धरायला जाणं एळुमलैने तिला शिकवलं नव्हतं. बावीस वर्षांत तो कधी कशाला धरायला गेला नव्हता. नुसता पडत आला होता. पडणाऱ्याला पडायचं नसतं, हे तो विसरूनच गेला होता.

"ओके!" कदिरवन ओरडला. तमिळरसी मिठाने माखून उठली. ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मरगदमने तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

मास्टर चहाचे दोन पेले घेऊन व्हॅनशी आले. "पुढचं शूटिंग कोडैकनालला आहे. तिला नेतो," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"न्या."

"खोके बघायला तू येशील?"

"घरी विचारतो."

मास्टर गेल्यावर त्याने खरंच फोन लावला. त्याच्या बायकोने, वळ्ळियम्मैने, नेहमीचंच विचारलं, "पडलात?"

"दोनदा."

"लागलं का?"

"नाही गं. दमलोय."

इतक्या वर्षांत त्याने हा शब्द कधी उच्चारला नव्हता. मग तिने विचारलं, जेवलात का, आज काय होतं जेवायला. एळुमलै दहीभात म्हणाला, लिंबाचं लोणचं म्हणाला, आणि ती पुढे काही बोलत होती तेवढ्यात व्हॅनच्या सीटवर बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला.