पेगीची जागा आणि अकरा टर्की

"कॉफी ठेव खाली आणि बाहेर ये, सॅल. आवाज करू नकोस," खालच्या मजल्यावरून पेगीने सांगितलं.

डॉर्चेस्टरच्या आमच्या गल्लीत बर्फ पडला की ज्याने फावड्याने गाडीपुरती जागा मोकळी केली, ती जागा त्याची. तिथे एखादी जुनी खुर्ची ठेवून द्यायची, मग कुणी हात लावत नाही. नऊ दिवसांपूर्वी पेगी डोहर्टीने दोन तास खपून अशी जागा काढली, स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली, आणि मग तिला आठवलं की गाडी आपण नोव्हेंबरातच विकली. नवरा जीन ऑक्टोबरात गेला होता; त्याची गाडी याच जागी उभी असायची. चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घातलेली ही बाई भारी हट्टी. तिने खुर्ची उचलली नाही. आम्हीही कुणी तोंड उघडलं नाही. शेजारची इनेस नर्स आहे. ती रात्रपाळीहून येऊन तीन गल्ल्या पलीकडे गाडी लावायची आणि पाय ओढत घरी यायची.

मी बाहेर आलो. अकरा रानटर्की पक्षी रस्त्याच्या मधोमध चालत होते, कुणाच्या बापाला न भिता. मागे इनेसची गाडी, तिच्यामागे कचऱ्याचा ट्रक. कुणीही हॉर्न वाजवला नाही. सगळ्यांत मोठा नर पेगीच्या जागेत शिरला, त्याने खुर्ची आडवी केली आणि पिसारा फुलवला. त्यावर ऊन पडलं आणि काळी वाटणारी पिसं तांब्यासारखी, मग हिरवी, मग जांभळी झाली. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, पण असं काही पाहिलं नव्हतं.

"तीस वर्षांत इथे कुणाची खुर्ची पाडायची हिंमत झाली नाही," मी कुजबुजलो.

"त्याला कुणी सांगितलं नसेल," पेगी म्हणाली आणि हसली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच.

पक्षी सावकाश कोपऱ्यावरून वळले. मी खुर्ची उभी करायला वाकलो.

"राहू दे," म्हणत तिनेच ती उचलून फुटपाथवर ठेवली आणि इनेसला हात केला. "घे गाडी आत."

इनेसने काच खाली केली. "मिसेस डोहर्टी, ही जीनकाकांची जागा..."

"जीन गेला, पोरी. तू दमली आहेस. घे आत."

इनेस गाडी लावून झोपायला गेली. मी खुर्ची घेऊन पायऱ्यांपाशी थांबलो, पण पेगी आली नाही. हातमोजा काढून तिने गाडीच्या गरम बॉनेटवर तळवा टेकला होता. बॉनेट गार होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.