पहिल्या तिघींची तपासणी

नांदेडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलींची पाच हजार मीटरची शर्यत नुकतीच सुटली होती. तेवढ्यात फाटकातून एक पांढरी गाडी आत आली. उत्तेजक औषधांची तपासणी करणारं पथक होतं ते. पहिल्या तिघींची लघवी घेणार, हे मैदानाच्या कडेला उभ्या प्रशिक्षकांनी हातवारे करून आत कळवलं.

आणि शर्यत बिघडली. सगळ्यात पुढे असलेली सुकन्या मांडी धरून गवतात बसली. तिच्यामागची मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली ती बांधतच राहिली. बाकीच्या रेंगाळल्या. लातूरच्या कॉलेजात सुकन्याच्याच खोलीत राहणारी ऋतुजा नेहमी सहावी-सातवी यायची. ती बघता बघता पुढे आली.

सुकन्या पळण्यासाठी गोळ्या घ्यायची, त्यांना ऋतुजाने कधी हात लावला नव्हता. पण परवा चाकूरला घरी गेली तेव्हा गुडघा सुजलेला होता आणि आई तिला डॉक्टरकडे नेऊन सुई टोचून घेऊन आली होती. सुईत काय आहे, हे दोघींनी विचारलं नव्हतं. गावात कुणी विचारत नाही.

आता गुडघा अजिबात दुखत नव्हता. त्याचीच तिला भीती वाटू लागली.

रेंगाळली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. पण कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, आणि विद्यापीठाच्या संघात फक्त पहिली जाणार होती. ती वळणावर आली तेव्हा गवतातून सुकन्या म्हणाली, "पळ की बये. तुला कशाचं भ्या?"

ऋतुजा पळाली. पहिली आली. टाळ्या थोड्याच वाजल्या.

तपासणीच्या खोलीत पथकातल्या बाईंनी विचारलं, या आठवड्यात काही औषध घेतलंय का? सुई घेतली, ऋतुजा म्हणाली. कसली, ते तिला सांगता येईना. त्यांना विचारून तिने आईला फोन लावला. चिठ्ठी-बिठ्ठी काही दिली नव्हती, असं आई म्हणाली.

"मीच म्हणलं डॉक्टरला, लेकरू पळायलंय, चांगली जोराची द्या." मग तिने विचारलं, "आला का नंबर?"

फोन स्पीकरवर होता. बाईंनी मान वर केली नाही, त्या लिहीत होत्या.

"हाव," ऋतुजा म्हणाली, "पयला." आणि टेबलावरची रिकामी बाटली उचलली.